भाकऱ्या कुणी थापल्या?

आमच्या घरात शिकलेल्या माणसाची गोष्ट सांगायची एक ठरलेली तऱ्हा होती. दिवा असायचा तो रॉकेलचाच आणि काच तडकलेली. पायात वहाण नसायची. शाळा डोंगराच्या पलीकडे असायची. आणि शेवटी 'पण जिद्द होती, म्हणून पास झालो' हे यायचंच. आजोबा, म्हणजे आमचे आबा, ही गोष्ट सांगायला बसले की आम्ही पोरं हरखून ऐकायचो. आजी तांदूळ निवडत ऐकायची, आणि गोष्ट जिद्दीपाशी आली की सुपातनं मान वर न काढता विचारायची, "आन् भाकऱ्या कुणी थापल्या?"

आबा कधी ओशाळायचे, कधी चिडायचे. तेव्हा मला तो आजीचा तिरकसपणा वाटायचा. आता घरातल्या माणसांच्या शिक्षणाच्या कहाण्या एकीपुढे एक मांडून बघते, तर काम करत शिकलेल्या माणसाला विचारावा असा प्रश्न तोच दिसतो.

आबा साताऱ्याच्या बोर्डिंगातले. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. रानात भात, नाचणी, वरी. पैसा म्हणाल तर मुंबईहून मनिऑर्डर येईल तेवढाच. चौथीच्या पुढे शिकायचं तर कऱ्हाड नाहीतर सातारा गाठायचा, पण तिथं राहायचं कुठं आणि खायचं काय? वार लावून जेवायची, माधुकरी मागायची रीत होती ती ब्राह्मणांच्या पोरांसाठी. कुणब्याच्या पोरानं कुणाच्या दारात उभं राहायचं? त्याच्याहून खाली ढकललेल्या पोरांना तर गल्लीतसुद्धा शिरायची सोय नव्हती.

ती सोय भाऊराव पाटलांनी केली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, हे आता शाळेच्या पुस्तकात असतं. आबांच्या तोंडी ते कायम 'अण्णा' असायचे. धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगला महात्मा गांधींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं, तो प्रसंग आबा इतका रंगवून सांगायचे की जणू हे पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. ते साल १९२७. आबा तेव्हा जन्मालाही आले नसावेत. पण मोठ्या पोरांकडून ऐकलेलं हळूहळू आपण पाहिलेलं होऊन जातं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीत एवढी उधारी चालायचीच.

आबांचं स्वतःचं म्हणावं ते साधारण १९४१ च्या पुढचं. आदल्याच साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं होतं. फी द्यायला पैसे नसतील तर अंगमेहनत द्या, असा तिथला हिशेब. 'कमवा आणि शिका' हे शब्द आता कुठल्याही विद्यापीठाच्या फलकावर दिसतात, तेव्हा त्याचा अर्थ खोऱ्या-घमेल्यात मोजला जायचा. पहाटे उठून दळण आणि पाणी, मग पाठांतर, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर शेतात नाहीतर खडी फोडायला. आबांनी एक बारकावा सांगितला होता, तो मला फार खरा वाटतो. खडी फोडून आलेल्या हातात टाक धरला की अक्षर थरथरायचं. म्हणून ते आधी गणितं सोडवायचे. गणितात आकडा वेडावाकडा आला तरी चालतो. निबंध आणि शुद्धलेखन रात्री, हात निवल्यावर. त्यांचं अक्षर शेवटपर्यंत टपोरं होतं, पण लिहिण्याआधी बोटं चोळायची सवय काही गेली नाही. पुढे मास्तर झाल्यावर फळ्यापुढेसुद्धा ते आधी हात चोळायचे आणि पोरं मागे नक्कल करायची.

बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. स्वयंपाकाच्या पाळ्या लागायच्या. आबा तिथंच भाकरी थापायला शिकले आणि आमच्या पंचक्रोशीत परातीपुढे बसणारा बहुधा तो एकटाच बाप्या. लग्नानंतर आजी आजारी पडली की ते दार ओढून घेऊन भाकऱ्या करायचे, कारण शेजारणींनी बघितलं तर आजीची अब्रू जाईल! पंगतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सुट्टीत आबा गावी आले की पणजी त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवायची आणि दगडावर आंघोळ घातल्याशिवाय आत घ्यायची नाही. आबा हे हसत सांगायचे. आजीला मात्र सासूच्या या वागण्याची लाज वाटायची. ती म्हणायची, "लेकरू शिकून आलंय म्हनून आंगारा लावायचा, तर ही बया पानी वतती."

आणि भाकऱ्यांच्या प्रश्नाचं काय? त्याचं उत्तर आबांना ठाऊक होतं, फक्त ते गोष्टीच्या ओघात राहून जायचं. पोरांनी भाकऱ्या थापायच्या, पण पीठ कुठून आणायचं? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बोर्डिंगातलं धान्य संपलं तसे त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. आबांनी त्यांना पाहिलेलं नव्हतं. पण 'वहिनींचं मंगळसूत्र आपण खाल्लं' असं थोरली पोरं नव्या पोरांना सांगायची आणि मग म्हणे आठवडाभर कुणी ताटात तुकडा टाकायचं नाही. हे ऐकलं की आजीचं समाधान व्हायचं. "ह्ये आदी सांगायचं, मग जिद्द," असं म्हणून ती सूप घेऊन उठायची.

बेचाळीसनंतर साताऱ्यात पत्री सरकारचे दिवस होते. रात्री-अपरात्री भूमिगत माणसं यायची, बोर्डिंगच्या मुदपाकातल्या भाकऱ्या फडक्यात बांधून कुणाच्या तरी हाती जायच्या, असं आबा कुजबुजत्या आवाजात सांगायचे. स्वातंत्र्य मिळून चाळीस वर्षं झाली तरी आवाज कुजबुजताच. त्यातलं किती खरं, देव जाणे.

आबांचे सर्वांत धाकटे भाऊ म्हणजे आमचे तात्या. शेंडेफळ. आबांपेक्षा सतराएक वर्षांनी लहान. तोवर तालुक्यात शाळा झाल्या होत्या, पण तात्यांचं डोकं सातवीनंतर शाळेतनं उडालं आणि ते गावच्या सगळ्या पोरांसारखे मुंबईला गेले. लालबागेत गावाची खोली होती. गावकीनं भाड्यानं घेतलेली एक खोली, त्यात वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि कपड्यांसाठी दोरीवर वीतभर जागा. इतकी माणसं मावायची कशी? तर गिरणीच्या पाळ्यांमुळे. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. एक अंथरुणावरनं उठायचा, तोवर दुसरा त्याच वाकळेवर अंग टाकायचा. तात्या म्हणतात, त्या खोलीत वाकळ कधी गार पडली नाही.

गिरणीत तात्या बदली कामगार. म्हणजे रोज पाळीच्या वेळेला पास घेऊन उभं राहायचं आणि कायमचा माणूस गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. नाही मिळालं तर हात हलवत परत. अशा माणसानं रात्रशाळेत नाव घातलं. का घातलं याच्या दोन कहाण्या आहेत. तात्यांची कहाणी अशी की आबांचं पत्र आलं, 'मास्तरचा भाऊ सातवी पास म्हणून मिरवतोस, लाज वाटू दे.' आजीची कहाणी अशी की पत्र वाचायला दुसऱ्याकडे जावं लागणाऱ्या एका साचेवाल्याला, म्हणजे मागावरच्या कामगाराला, तात्या पैसे घेऊन पत्रं वाचून दाखवायचे, आणि त्यानंच एक दिवस कान धरून शाळेत नेलं. मला दुसरी पटते, कारण तो साचेवाला पुढेही गोष्टीत आहे.

रात्रशाळा हे आपल्याकडे नवं खूळ नव्हे. दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ सालीच पुण्यात रात्रीचे वर्ग भरवले होते. गिरणगावातल्या रात्रशाळा बहुतेक दिवसाच्या शाळांच्याच इमारतीत भरायच्या. सकाळी जिथं सात-आठ वर्षांची पोरं पाढे म्हणायची, त्या बुटक्या बाकांवर रात्री मिशा फुटलेली, काही तर दोन लेकरांचे बाप असलेली माणसं गुडघे छातीशी घेऊन बसायची. केसांत कापसाचे तंतू. साचेखात्यातली माणसं तर वर्गातही ओरडून बोलायची. त्या आवाजात दिवस काढला की कान बधिर होतात. खात्यात सगळं बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून चालायचं. तात्यांशी अजून फोनवर बोलायचं तर आमच्या घरात फोन कानापासून लांब धरतात. शिकवणारे मास्तरही दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवून आलेले असायचे, तेही दमलेलेच. वर्गात कुणी बाकावर मान टाकून झोपलं तर त्याला उठवायचं नाही, असा एका मास्तरांचा शिरस्ता होता. ते त्याच्या वहीत स्वतः दोन ओळी लिहून ठेवायचे, आज काय झालं ते.

खरी मारामारी अभ्यासाशी नव्हतीच, पाळीशी होती. तिसरी पाळी मिळाली तर शाळा करून, जेवून, बाराला गिरणीत जाता यायचं. पहिली मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण दुसऱ्या पाळीची बदली घेतली की शाळा बुडायची आणि नाकारली की हजेरी बुडायची. बदलीवाल्याला नखरे कुठले परवडणार? इथं तो साचेवाला उभा राहिला. सगळे त्याला मामा म्हणत. शेजारच्या गावचा, अंगठेबहाद्दर, खात्यात मात्र जॉबरपर्यंत, म्हणजे मुकादमापर्यंत, वजन. तात्यांना पहिल्या नाहीतर तिसऱ्या पाळीला घ्यावं म्हणून तो जॉबरच्या मागे लागायचा, आणि साधेना तेव्हा स्वतःची सुट्टी तात्यांच्या सोयीच्या पाळीला टाकायचा, म्हणजे त्याच्या साच्यांवर तात्या जातील. बिनपगारी. किती वेळा, ते तात्यांनाही माहीत नाही, कारण त्यातलं निम्मं त्यांना नंतर कळलं.

बरं, अभ्यास करायचा कुठं? दिवसा खोलीत रात्रपाळीवाले झोपलेले, रात्री सकाळपाळीवाले. दिवा लावायला सवड अशी नसायचीच. चाळीच्या जिन्यात एक पिवळा बल्ब होता, त्याखालच्या पायरीवर तात्यांची जागा. येणारा-जाणारा पाय उचलून टाकायचा.

आणि जेवण? गल्लीतच एका संगमेश्वरकडच्या मावशींची खानावळ होती. त्यांच्याच खोलीत, पंगतीला दहाबारा माणसं. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्यांनी हे सुरू केलेलं. रात्री नऊला पंगत उठली की भांडी घासून मोकळं व्हायचं. पण शाळा सुटून तात्या यायचे दहाला. मावशी ताट वाढून, वर परात पालथी घालून, स्वतः उंबऱ्याशी बसून राहायच्या. भात, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, रविवारी मटणाच्या दोन फोडी जास्त. त्या बदल्यात तात्या त्यांच्या खातेवहीत मेंबरांचा हिशेब लिहायचे. मावशींना वाचता येत नसे, पण आकडा चुकला की मात्र लगेच कळायचं. अशा बायकांची पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून संघटना केली, तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेची पायरी दिसली. गिरणगावात शिकून जे कुणी वर आले, त्यांच्या चरित्रांत या बायका फार तर एका ओळीत येतात. मला हे बरं वाटत नाही.

तात्यांचं मॅट्रिकचं वर्ष १९६८ चं. आदल्या डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तात्या रात्रपाळीला होते. मुंबईतही हादरा बसला होता. तात्या सांगतात, साचे गदागदा हलले. आजी म्हणायची, साचे रोजच हलतात, ह्याला काय कळणार! सकाळी मावशींच्या उंबऱ्याशी रेडिओ ऐकलेल्या माणसानं सांगितलं, तेव्हा तात्यांना कळलं. मिळेल त्या एसटीनं गाव गाठलं. घराच्या तीन भिंती बसल्या होत्या, माणसं वाचली होती, बैल गेला होता. पुढचे कित्येक दिवस आबा आणि तात्या माळावर झाप बांधत होते. शाळेतली पूर्वपरीक्षा बुडाली ती बुडालीच. परत आले तर मास्तरांनी फॉर्म भरून टाकलेला, फीसुद्धा कुणीतरी भरलेली. कुणी, ते त्या मास्तरांनी कधी सांगितलं नाही. तात्या पास झाले, थर्ड क्लासात. गावात पेढे वाटायला घर नव्हतं, म्हणून झापापुढे गूळ वाटला.

पुढे वर्षभर ते फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजात जात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ते काढलं तेव्हाच नोकरी करणाऱ्या मुलांना यावं म्हणून वर्ग सकाळचे ठेवले होते. वेळापत्रक ठरवताना ज्याला परळच्या एका खोलीतला अभ्यास आठवत असेल, तोच असा विचार करणार. बाबासाहेबांचे वडील रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि स्वतः त्यांच्या जागेवर आडवे व्हायचे. कारण दोघांनी एका वेळी झोपायला जागा नव्हती. ही आठवण सगळ्यांना ठाऊक असते, पण आपण त्यात फक्त पहाटे दोनला उठणारा मुलगा बघतो. दोनपर्यंत ताटकळलेला बाप आजीला आधी दिसला असता.

तात्यांचं कॉलेज लग्नात सुटलं. पण मॅट्रिकच्या जोरावर महापालिकेत कारकुनी लागली आणि गिरणी सुटली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा लाखो माणसं बाहेर पडली, त्यात मामा होते. तात्या नव्हते. मामांना पुन्हा खात्यात घेतलं नाही. ट्रंक घेऊन ते गावी आले आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेले. तात्या त्यांना दर महिन्याला पैसे पाठवायचे, असं आजी म्हणायची. तात्यांना विचारलं तर ते विषय बदलतात आणि मोठ्यानं बोलतात.

आता आत्या. हिची गोष्ट घरात कुणी सांगत नाही, कारण तिच्यात दिवा फुटका नव्हता आणि डोंगरही नव्हता. डी.एड. होऊन ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, लग्न झालं, पदरात दोन मुली, आणि मग तिला बी.ए. व्हायचं होतं. शिवाजी विद्यापीठातून, बाहेरून. कॉलेजात न जाता घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला तेवढं जायचं. तिला पाळी बदलून द्यायला मामा नव्हते. घरात ताट झाकायचं काम तिचंच होतं, सगळ्यांचं. शाळेतनं आल्यावर चूल, मुली, गोठा, आणि संध्याकाळी सासऱ्यांना पोथी वाचून दाखवायची. त्यांना मोतीबिंदूनं दिसत नव्हतं.

तिनं काय करावं? पोथीचे दोन अध्याय झाले की त्याच सुरात ती राज्यशास्त्राचं पुस्तक वाचायला लागायची. सासरे डोळे मिटून माना डोलवायचे. बरेच दिवस त्यांना वाटत होतं, हाही कुठलातरी ग्रंथच. पुढे कळलं, पण तोवर गोडी लागली होती. राज्यपालाला अधिकार किती, यावर ते चावडीत वाद घालायला लागले. परीक्षेच्या आधी सासूबाई कुरकुरल्या तेव्हा म्हातारबांनी ठणकावलं, "तिला वाचू दे. माझं पुढलं राहिलंय." आत्या सेकंड क्लासात पास झाली. घरातला सगळ्यांत वरचा वर्ग तो तिचाच, आणि तिच्या नावानं गूळही वाटला गेला नाही. आजीनं मात्र माहेरी आलेल्या लेकीला त्या वर्षी कामाला हात लावू दिला नाही. सांडगे तळले, आंब्याच्या रसात तुपाची धार सोडली आणि पाटावर बसवून वाढलं.

परवा तात्यांकडे गेले होते. ऐंशीच्या घरात आहेत, बोलणं अजून खात्यातलंच. नातू घरोघर पार्सल पोचवायचं काम करतो आणि मुक्त विद्यापीठातून पदवी करतो. तात्या त्याला जिद्दीची गोष्ट सांगत होते. पोरगा मोबाइलकडे बघत म्हणाला, "तात्या, जिद्द आहे हो. पेपरच्या दिवशी लॉगिन नाही केलं तर माझं रेटिंग पडतं, ते कुणाला सांगू?" तात्या गप्प बसले. ज्याच्या मागे लागता येईल असा जॉबर त्याला नाही आणि त्याच्याऐवजी सुट्टी टाकणारा मामाही नाही. मोबाइलशी हुज्जत घालता येत नाही.

त्याच्यासाठी काय करता येईल, ते मला नीट उमगलेलं नाही. पण बाकीच्यांसाठी येतं. तुमच्या दुकानात, कारखान्यात, हॉटेलात, घरकामाला, सोसायटीच्या गेटवर कुणी शिकणारं असेल तर त्याला एकदा विचारा, पेपर कधी आहेत. रात्रशाळेची वेळ असेल तर संध्याकाळी वेळेवर सोडा, आणि परीक्षेच्या दिवसांचा पगार कापू नका.